अनंतरावांच्या नावाची पन्हेरी

अनंतराव रेवतकरांना जाऊन चार वर्षं झाली होती. तरी मृग लागल्यावर तिसऱ्या दिवशी एक वयस्क माणूस मोटारसायकलवरून त्यांच्या अंगणात उतरला आणि डोक्याचा दुपट्टा सोडत म्हणाला, "अनंतराव हायेत का घरी? कलमा न्यायले आलो."

प्रयागबाई कैरीच्या फोडींना हळद-मीठ लावत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, वर्धा नदीच्या पल्याडचा माणूस दिसतोय, बातमी पोचली नसेल. असं पूर्वी एकदोनदा झालंही होतं. त्यांनी हात धुतले, पाण्याचा गडवा पुढे केला आणि शांतपणे सांगितलं की ते गेले, पन्हेरीही तेव्हाच मोडली. माणसाने गडवा तोंडाला लावता लावता खाली ठेवला.

"काहून मजाक करता वहिनी? मागच्या महिन्यात तर पैसे भरून बुकिंग केलं मी. हे पाहा ना." त्याने मोबाइल काढला.

प्रयागबाईंना वाचता येतं, पण मोबाइलवरची बारीक अक्षरं आता दिसत नाहीत. त्यांनी त्याच्याकडूनच वाचून घेतलं आणि मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. अनंतराव रेवतकर संत्रा पन्हेरी, मुक्काम आमनेरी, तालुका नरखेड. दुसऱ्या वेळी ऐकताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव इतकं पुरं, इतकं मोठ्याने कोणी घ्यायची सवय राहिली नव्हती.

पन्हेरी म्हणजे कलमांची रोपवाटिका. जंभेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, बांधतात, तो धरला की कलम तयार. आता ते कलम चांगलं की वाईट, हे विकत घेताना ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पाच-सहा वर्षांनी झाड फळावर आलं की कळतं, आणि तेव्हा कळून काय डोंबल करायचं? जमीन अडकली, पाणी गेलं, वर्षं गेली. म्हणून तिकडचा शेतकरी कलम बघत नाही, कलम देणारा माणूस बघतो. अनंतरावांनी एका साली डोळे रोगट झाडाचे काढले गेल्याचं ध्यानात आल्यावर विकलेली कलमं दारोदार हिंडून स्वतःच्या हाताने उपटून आणली होती आणि पुढल्या साली सगळ्यांना बदलून दिली होती. कोणी तक्रार केली नव्हती. कोणाला पत्ताही नव्हता. पण तेव्हापासून अनंतरावांचं कलम म्हटलं की पुढचं कोणी विचारत नसे.

मोटारसायकलवरून आलेल्या माणसाचं नाव मनोहरराव. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी इथूनच कलमं नेली होती आणि ती बाग अजून उभी होती.

प्रयागबाईंनी लेकीला फोन लावला. नूपुर नागपूरला, सदर भागात एका ऑफिसात कामाला. "तू दिवसभर कम्प्युटरवरच राहते ना वं? पाह्य बरं जरा. कोनं तरी तुह्या बाबाच्या नावानं पन्हेरी उघडून राहिलं."

मग मनोहररावांनी फोन हातात घेतला आणि वेबसाइटचा पत्ता एकेक अक्षर करून सांगू लागले. नूपुर लिहून घेत होती. पत्ता अर्धा झाला आणि तिचा हात थांबला. उरलेली अक्षरं तिला ऐकायची गरज नव्हती. तो पत्ता मार्च महिन्यात तिनेच विकत घेतला होता.

"पाहते मी," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

नूपुरचं काम तसं बसून करायचं, एसीतलं, गावात सांगायला झकास. वेबसाइटला जो पत्ता लागतो त्याला डोमेन म्हणतात, आणि डोमेन दरसाल पैसे भरून घ्यावं लागतं. ज्यांना स्वतःचं नाव आणि स्वतःचं बँकेचं कार्ड पुढे करायचं नसतं, असे लोक त्यांच्या ऑफिसला काम देत. हे लोक कोण, कुठले, काही कळत नसे. चॅटवर एक टोपणनाव यायचं, हवं ते डोमेन सांगायचं आणि पाठोपाठ क्रिप्टो पाठवायचं. ना नोट, ना बँक, एका मोबाइलमधून दुसऱ्या मोबाइलमध्ये सरकलेला नुसता आकडा. ऑफिसचा मालक चंदन तो आकडा एका परदेशी ॲपमध्ये टाकी आणि ॲप त्याच्या मोबदल्यात एक व्हर्च्युअल कार्ड काढून देई. हे कार्ड हातात धरता येत नाही. पडद्यावर सोळा आकडे, मुदत आणि मागचे तीन आकडे, बस. त्या आकड्यांवर नूपुर डोमेन विकत घेई, ते गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करी आणि कार्ड बंद. पुढच्या डोमेनला पुढचं कार्ड. चंदन म्हणायचा, आपण पाट्या विकतो. पाटीवर कोण काय रंगवतो ते पाहाले पाटीवाला जाते का?

फक्त एक अडचण होती. डोमेन विकणाऱ्या कंपनीला मालकाचं नाव आणि पत्ता लागतो. कार्डालाही लागतो. चंदनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काही पण टाक." नूपुरने काही पण टाकलं. पिनकोड एका गावाचा, नाव दुसऱ्या गावाचं, अशा गोंधळात दोन ऑर्डरी रद्द झाल्या आणि चंदन सगळ्या ऑफिससमोर तिच्यावर खेकसला. तेव्हा तिने जो पत्ता झोपेतही चुकणार नाही तो टाकायला सुरुवात केली. आमनेरी, तालुका नरखेड. राहिलं नाव. जिवंत माणसाचं नाव घालायचं तिला धाडस झालं नाही. उद्या काही झालं तर त्या बिचाऱ्याच्या जिवाला घोर. आईचं घालायचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून तिने बाबांचं नाव घातलं. गेलेल्या माणसाला आता कोण काय करणार होतं?

हा झाला तिचा हिशेबी विचार. खरं सांगायचं तर त्यात दुसरंही काही होतं. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावरून त्यांचं नाव उतरलं, रेशन कार्डावरून उतरलं, विजेच्या बिलावरून उतरलं. दर वेळी कोणीतरी कारकून ते नाव खोडी आणि प्रयागबाई खाली सही करीत. नूपुरला या फॉर्मात ते नाव लिहायला बरं वाटे. कंपनीकडून उलट मेल येई, "प्रिय अनंतराव, अभिनंदन," आणि ती तो मेल लगेच पुसत नसे. असा वेडेपणा पोरी करतात, आणि कोणाला सांगत नाहीत.

मार्चमध्ये आलेलं डोमेन नागपुरी संत्र्याच्या नावाचं होतं. रोजची कामं म्हणजे जुगाराचे खेळ, वजन उतरवायच्या गोळ्या, असलंच काहीबाही. त्या दिवशी पहिल्यांदा बाबांना आवडेल असं नाव समोर आलं. फॉर्ममध्ये 'संस्थेचं नाव' असा एक रकाना असतो. तो रिकामा सोडला तरी चालतो, ती नेहमी सोडायची. त्या दिवशी तिने त्यात हौसेने लिहिलं: अनंतराव रेवतकर संत्रा पन्हेरी. मग नेहमीसारखं सगळं खातं, भरलेल्या फॉर्मासकट, चॅटवरच्या टोपणनावाच्या हवाली केलं आणि जेवायला गेली. लोकांना लुबाडायला बसलेल्या चोरांना संत्र्याच्या मुलखातलं खरं गाव, खरं नाव आणि दुकानाची पाटी, सगळं आयतं ताटात वाढून मिळालं.

आता तिने ती वेबसाइट उघडली. वर हिरवीगार बाग, कुठली कोण जाणे. खाली लिहिलं होतं, 'तीस वर्षांचा विश्वास'. त्याखाली बाबांचं नाव. कलमं मृगाच्या आठवड्यात पन्हेरीवरून घेऊन जावीत, जागा मर्यादित, बुकिंग आधी करावं. विश्वास तीस वर्षांचा होता हे मात्र त्या चोरांनी अंदाजाने लिहिलेलं अगदी बरोबर निघालं होतं. नूपुर बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली.

त्या आठवड्यात आमनेरीला रोज कोणी ना कोणी येत राहिलं. कोणी टेम्पो घेऊन, कोणी बैलगाडी जुंपून. कोणी रागावलेले, कोणी गप्प. ठाण्यातून एक हवालदार येऊन अनंतरावांची चौकशी करून गेला आणि मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन गेला. त्यापलीकडे ठाण्याकडे काही धागा नव्हता. पोलिसांकडे एका मेलेल्या माणसाचं नाव होतं. त्या नावाच्या मागे कोणतं ॲप, कोणतं कार्ड, कोणतं टोपणनाव आणि कुठून आलेलं क्रिप्टो आहे, हे सांगू शकेल असं आमनेरीचं एकच माणूस होतं, आणि ते माणूस सदरच्या तिसऱ्या मजल्यावर एसीत बसून घामाघूम होत होतं.

शुक्रवारी तिने चंदनला सांगितलं. चंदन काही वाईट माणूस नव्हता. तिच्या बाबांच्या आजारपणाचा विषय निघाला की आवाज खाली आणणारा, दिवाळीला मिठाईचा डबा देणारा. त्याने दार लावून घेतलं आणि तिला पाणी दिलं.

"टेन्शन काहून घेऊन राहिली तू? कार्ड त्याच दिवशी बंद झालं. क्लायंटनं क्रिप्टो टाकलं, त्याचं नाव आपल्याले मालूम नाही, आपलं त्याले मालूम नाही. पोलीस गेले तरी कुठवर जातीन? तुह्या बाबापर्यंत." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे, मेलेल्या माणसावर केस नाही होत, असं म्हणून राहिलो मी."

"पण लोक घरी येऊन राहिले. आई एकटी आहे तिथं."

"आठ-पंधरा दिवस येतीन. मंग बंद होतीन. कोनं तरी नाव चोरलं, असंच समजून राहिले ना ते? समजू दे." तो थोडा वेळ टेबलावरची पेनं नीट लावत राहिला. "तू बोलली तर तू जाशीन, मी जाईन. नाही बोलली तर कोणीच नाही जात. सोच."

नूपुरने विचार केला. चंदनचं म्हणणं एका गोष्टीपुरतं खरं होतं. ती गप्प राहिली असती तर तिच्या केसालाही धक्का लागला नसता. तिला शिक्षा होण्याची भीती होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. नोकरी जाईल, ठाण्यात बसवतील, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शनिवारभर ती खोलीत पडून होती आणि जेवली नाही.

शनिवारी संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज दमलेला होता, पण त्यात बऱ्याच वर्षांत न ऐकलेला एक ठामपणा होता. "मी सगळ्याहिले कबूल केलं. नाव आमच्या माणसाचं हाये ना? मंग कलमा मी देईन. दोन वर्सं थांबा म्हटलं. वाफा खोदाले घेतला आज."

"आई, तुले डोळा कुठं बांधता येते?"

"डोळा तो बसवे, पट्टी मीच बांधत होती ना जलमभर. शिकीन. त्याच्या नावानं कोनी रिकाम्या हातानं परत गेलं, असं नाही होऊ देणार मी."

रविवारी सकाळी नूपुर एसटीत बसली.

काटोल गेलं, पुढच्या बागा सुरू झाल्या. खिडकीतून दिसणाऱ्या कितीतरी झाडांना बाबांचा हात लागलेला असेल, हे तिला दर वेळी वाटायचं आणि दर वेळी बरं वाटायचं. आज तिने खिडकीकडे पाठ केली.

घरामागे विहिरीजवळ जुन्या पन्हेरीची जागा होती. चार वर्षांत तिथे गवत माजलं होतं. प्रयागबाई पदर खोचून कुदळ चालवत होत्या. साठीची बाई, तळहाताला चिंधी बांधलेली. एक वाफा पुरा खणून झाला होता, माती भुसभुशीत करून कडा हाताने सारख्या केल्या होत्या. बांधावर सात-आठ माणसं बसली होती. सगळी बुकिंगवाली. मनोहररावही होते. त्यांतला एकजण नूपुर ऐकेल अशा बेताने बाजूच्याला म्हणाला, "नाटक हाये सगळं. नवऱ्याच्या नावावर बाईच चालवून राहिली असन धंदा."

प्रयागबाईंनी ते ऐकलं. कुदळ चालूच राहिली.

मनोहरराव नूपुरला म्हणाले, "माहे पैसे गेले त्याचं मले नाही वाटत एवढं. गावात तिघाइनं मले विचारलं, काका, भरवशाचं हाये का? मी म्हटलं, अनंतरावाचं नाव हाये ना वर? मंग डोळे मिटून भरा. ते तिघं आता माह्याकडं पाहत नाहीत. रस्त्यानं गेलो तर तोंड फिरवते." आणि मग आवाज जरा खाली आणून, "आन् खरं सांगतो पोरी, रात्रंदिवस मले वाटून राहिलं, अनंतराव जिवंत हाये आन् त्यानंच फसवलं. लोक मेला म्हणून सांगते, पन माह्या मनातून तो गेला तो गेलाच."

नूपुर बाबांना स्मशानात पोचवून आली होती. तरी ते आज, आत्ता, या बांधावर जात आहेत, असं तिला वाटलं. तिने आईच्या हातातली कुदळ धरली.

"आई, थांब. कलमा कबूल नको करू कोणाले."

"काहून?"

"नाव कोणी चोरलं नाही. मी दिलं."

मग ती सगळं बोलली. उभ्यानेच, मातीकडे बघत. क्रिप्टो म्हणजे काय हे बांधावरच्या एकदोघांना अर्धंमुर्धं माहीत होतं, बाकीच्यांना नव्हतं. पण कार्ड सगळ्यांना कळलं, फॉर्म कळला, आणि फॉर्मावर कोणी कोणाचं नाव लिहिलं तेही कळलं. पन्हेरी हा शब्द कोणी मागितला नव्हता, तो आपण हौसेने लिहिला, हेसुद्धा तिने लपवलं नाही. चंदनचं नाव सांगितलं. टोपणनाव सांगितलं. चॅट अजून मोबाइलमध्ये आहे, पुसला नाही, तेही सांगितलं.

मघाशी बाईवर आळ घेणारा माणूस उठला, थुंकला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. बाकीचे बसून राहिले.

"पन बापाचंच नाव काहून वं?" मनोहररावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"मले वाटलं, गेलेल्या माणसाले कोण काय करन. आन्..." तिने पायाखालचं ढेकूळ फोडलं. "मले ते नाव लिहावं वाटे काका. दुसरीकडं कुठं लिहाले भेटत नव्हतं."

मनोहररावांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. पुसताना हात डोळ्यांवर जरा जास्त वेळ थांबला. "अनंतरावानं नाही फसवलं तर," ते स्वतःशीच म्हणाले. मग उठले. "उद्या सकाळी मी येतो. आपन ठाण्यात जाऊ. आत्ता जे सांगतलं तेच तेथी सांगजो. एक शब्द कमी नको करजो."

"हाव."

"ते तुले सोडतीन का धरतीन, मले माहीत नाही."

"हाव काका."

माणसं एकेक करून उठली. काही प्रयागबाईंना रामराम करून गेली, काही तशीच गेली. विहिरीजवळ दोघीच उरल्या. प्रयागबाई खणलेल्या वाफ्याच्या कडेला बसल्या. त्यांनी हातावरची चिंधी सोडली, पुन्हा बांधली. नूपुरला वाटलं, आई मारेल. मारावं असंही वाटलं. लहानपणी मार खाल्ला की गोष्ट संपून जायची.

"तू म्हटलं, नेहमी घालत होती नाव," प्रयागबाई म्हणाल्या. "हे एकच नव्हतं."

नूपुरने मान हलवली.

"किती?"

"अकरा."

"अकरा जागी?"

"हाव."

प्रयागबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गेल्या आठवडाभरात रागावलेल्या, ओरडणाऱ्या, आळ घेणाऱ्या इतक्या माणसांसमोर त्या ताठ उभ्या राहिल्या होत्या. आता पहिल्यांदाच त्यांचा धीर सुटला.

"हे एक तर पोलीस बंद करतीन," त्या म्हणाल्या. "बाकीच्या दहा जागी तुहा बाप काय करून राहिला, सांग मले."

ते दहा पत्ते नूपुरने विकत घेतले होते, पण उघडून एकदाही पाहिले नव्हते.